टू, सीसी की बीसीसी? नवीन नोकरीत पहिला मेल टाकण्याआधी हे वाचून घ्या

नोकरीचा तिसरा की चौथा आठवडा असेल. मला दुसऱ्या एका डिपार्टमेंटकडून महिन्याचे आकडे हवे होते, तिथे ते नेमकं कोण काढतं हे मला माहीत नव्हतं आणि विचारायची लाज वाटली, म्हणून मी तिथल्या पाचही जणांना टूमध्ये घातलं आणि मेल टाकून मोकळी झाले. म्हटलं पाचातला एक तरी देईलच की. चार दिवस काहीच नाही. शेवटी उठून त्यांच्याकडे गेले तर एक जण म्हणाला मला वाटलं तो देतोय, "तो" म्हणाला मेलमध्ये सगळेच होते मग मला कसं कळणार मलाच विचारलंय म्हणून, आणि ज्या मॅडम खरंच ते आकडे काढायच्या त्या म्हणाल्या, एवढ्या जणांना आलेला मेल म्हणजे माहितीसाठीच असेल म्हणून मी उघडलाच नाही बाई.

राग आला होता मला तेव्हा. पण चूक माझीच होती. मला वाटायचं टू, सीसी आणि बीसीसी हे तीन रकाने म्हणजे मेल पोचवायच्या तीन वाटा. पोचायला काय, तिन्हीतून सारखाच पोचतो, त्याच वेळेला पोचतो. रकान्यावरून समोरच्याला फक्त एवढंच कळतं की या मेलचं त्याने काय करायचंय. हे एकदा डोक्यात बसलं की पुढचं सगळं सोपं आहे, पण जॉइन झाल्यावर आपल्याला आयडी देतात, पासवर्ड देतात, सिग्नेचरचा फॉन्टसुद्धा सांगतात, हे मात्र कुणी सांगत नाही. म्हणून हे लिहितेय.

आधी एवढं जवळ ठेवा

- कोण काय काम बघतं याची स्वतःची यादी. ऑर्ग चार्ट मिळतो पण त्यात कोण कुणाला रिपोर्ट करतं एवढंच असतं, बिल कोण पास करतं आणि लॅपटॉप बिघडला तर कुणाला धरायचं हे त्यात नसतं. शेजारी बसणाऱ्याला विचारून वहीत लिहून घ्या, पहिल्या आठवड्यात विचारलेल्या प्रश्नांना कुणी हसत नाही.
- ऑफिसातले ग्रुप आयडी कुठले, प्रत्येकात किती माणसं, आणि त्यात बाहेरचं कुणी आहे का.
- कंपनीची मेल पॉलिसी, असेल तर. पूर्ण नाही वाचलीत तरी पगार, तब्येत, ग्राहकांची माहिती याबद्दलचा भाग वाचाच.
- अनडू सेंड, म्हणजे सेंड दाबल्यावर काही सेकंदांत मेल थांबवायची सोय. जीमेलमध्ये सेटिंग्जमध्ये ५, १०, २० आणि ३० सेकंद असे चार पर्याय आहेत, न बदलता ठेवलं तर ५ असतात, ते आत्ताच्या आत्ता ३० करा. आउटलुकच्या जुन्या डेस्कटॉप ॲपमध्ये रूल लावून प्रत्येक मेल काही मिनिटं आउटबॉक्समध्ये अडवून ठेवता येतो, मी २ मिनिटं ठेवलीत.
- जीमेलमध्येच "डिफॉल्ट रिप्लाय बिहेवियर" नावाचं सेटिंग आहे, ते "रिप्लाय"वर असू द्या, "रिप्लाय ऑल"वर नको. का ते खाली येईलच.

१. तिन्ही रकान्यांचा अर्थ समजून घ्या

टू म्हणजे ज्याच्याशी तुम्ही बोलताय तो. त्याने काहीतरी करायचंय, उत्तर द्यायचंय, हो-नाही सांगायचंय, फाईल पाठवायचीय.

सीसी म्हणजे ज्याला नुसतं माहीत असलं पाहिजे तो. त्याने वाचलं तर छान, दोन दिवसांनी वाचलं तरी काही अडत नाही. जर तुमचं काम त्याच्या वाचण्यावर अडत असेल तर तो सीसीतला माणूस नाहीच, टूमधला आहे.

बीसीसी म्हणजे ज्याला मेल मिळतो पण इतरांना तो दिसत नाही. बीसीसीतल्यांना एकमेकंही दिसत नाहीत.

सीसी म्हणजे कार्बन कॉपी. टाइपरायटरवर दोन कागदांच्या मध्ये तो निळा-काळा कार्बन पेपर घालायचे आणि एकदाच टाइप करून दोन प्रती निघायच्या, मूळ प्रत ज्याचं पत्र त्याला आणि खालची फिकट प्रत दुसऱ्या कुणाला नाहीतर फायलीला. ईमेलचा साचा ज्यात लिहिलाय त्या १९७७ सालच्या आरएफसी ७३३ या कागदातही (आरएफसी म्हणजे इंटरनेट कसं चालावं हे लिहून ठेवलेले तांत्रिक कागद) हे तिन्ही रकाने आहेतच. पुढे २००८ मध्ये आलेल्या आरएफसी ५३२२ मध्ये सीसीबद्दल जे म्हटलंय ते मला फार आवडतं, की या लोकांना मेल मिळेल पण मजकूर त्यांना उद्देशून असेलच असं नाही. म्हणजे इंजिनियर लोकांनी रूक्ष भाषेत का होईना, ऑफिसातली अर्धी भांडणं मिटतील एवढं सांगून ठेवलंय, आपणच वाचत नाही.

२. पत्ते सगळ्यात शेवटी भरा

आधी मजकूर लिहा, फाईल जोडा, सब्जेक्ट टाका, मग पत्ते. अर्धवट मेल चुकून गेला असं होतच नाही मग, कारण जायला पत्ताच नसतो. चालू मेलला रिप्लाय करत असाल तर तिथे पत्ते आधीच भरलेले असतात, मेल नाजूक असेल तर मी ते कापून टाकते आणि लिहून झाल्यावर परत भरते. वेडेपणा वाटेल, पण चिडून लिहिलेला मेल मधेच चुकून कंट्रोल-एंटर दाबलं जाऊन गेला तर काय होतं ते एकदा अनुभवलं की हा वेडेपणा अंगवळणी पडतो.

आणि मजकूर आधी लिहिल्याचा दुसरा फायदा म्हणजे तो वाचताना आपल्यालाच कळतं की हा नक्की कुणाला आहे.

३. टूमध्ये शक्यतो एकच माणूस

दोन चालतील. तीन झाले की सावध व्हा. तीनपेक्षा जास्त लोकांकडून काम हवं असेल तर मजकुरात नाव घेऊन सांगायचं कुणी काय करायचं ते, असं:

"अकाउंट्सच्या मॅडम: मार्चची बिलं शुक्रवारपर्यंत हवीयेत.
स्टोअरचे सर: स्टॉकचा आकडा तपासून फक्त बरोबर/चूक एवढं कळवा.
बाकी सगळ्यांना माहितीसाठी."

नावाच्या जागी अर्थातच खरी नावं लिहा. जीमेल आणि आउटलुक दोन्हीत मजकूर लिहिताना ॲटचं चिन्ह टाकून नाव लिहायला लागलं की यादी येते आणि निवडलेला माणूस आपोआप पत्त्यातही जातो. सोय चांगली आहे, पण तो पत्त्यात गेलाय हे आपल्या लक्षात येत नाही. "हे त्या सरांना आत्ता सांगू नका" असं लिहिताना सरांचं नाव त्या चिन्हाने घातलं तर मेल सरांनाच जाईल.

नावांचा क्रम? काही ऑफिसात मोठ्या हुद्द्याचा माणूस आधी लिहायची पद्धत असते, काही ठिकाणी कुणी बघतही नाही. जुने मेल काढून बघा तुमच्याकडे काय चालतं ते आणि तसं करा, यात डोकं घालवू नका.

४. सीसीत कुणाला घालायचं, आणि मुख्य म्हणजे कुणाला नाही

प्रत्येक नावासमोर स्वतःला विचारा, याला हा मेल गेला नाही तर त्याचं काय बिघडेल? उत्तर "काही नाही" असेल तर काढा. "त्याला वाईट वाटेल" असं उत्तर आलं तर थोडा विचार करा, कारण काही वेळा ते खरंच महत्त्वाचं असतं. दोन डिपार्टमेंटमधलं काम असेल आणि तुम्ही समोरच्या टीममधल्या एखाद्याकडून परस्पर काम करून घेताय तर त्याच्या टीम लीडला सीसीत ठेवणं हा साधा रीतीचा भाग आहे, नाहीतर "माझ्या माणसाला मला न विचारता कामं देतात" हे ऐकून घ्यावं लागतं.

पण स्वतःला झाकायला पंधरा जणांना सीसी मारणं बंद करा. मी करायचे. म्हणजे उद्या काही झालं तर म्हणता यावं, "मी तर कळवलं होतं, तुम्ही सीसीत होतात." हे कुठेच टिकत नाही. कारण ज्यांना दिवसाला ढीगभर मेल येतात त्यांच्यापैकी बरेच जण सीसीतले मेल वेगळ्या फोल्डरला जातील असा रूल लावून ठेवतात, आउटलुकमध्ये तो सहज लागतो, आणि ते फोल्डर कधी उघडलं जातं ते विचारू नका. तेव्हा "सीसीत होतात" म्हणजे "वाचलंत" असं होत नाही.

आता साहेबाला सीसी करण्याबद्दल. हा विषय मोठा आहे, आणि नवीन लोकांची सगळ्यात जास्त पंचाईत इथेच होते.

समजा तुम्ही कुणाला तरी काम सांगितलं, दोनदा आठवण केली, तिसऱ्या मेलमध्ये त्याच्या मॅनेजरला सीसीत टाकलंत. मजकूर अगदी गोड असू दे, "एक छोटीशी आठवण" वगैरे, पण समोरच्याला मेल उघडताच पहिलं काय दिसतं तर मॅनेजरचं नाव. तुम्ही एक शब्दही वाईट न बोलता त्याची तक्रार केलेली असते आणि ती त्याला बरोबर कळते. काम होईल, त्याच दिवशी होईल. पण पुढच्या वेळेला तो माणूस तुमच्याशी फक्त मेलवरच बोलेल आणि तुमच्या मॅनेजरला सीसीत घेऊनच बोलेल, हे लिहून ठेवा. असं दोन टीममध्ये एकदा सुरू झालं की साध्या पेनड्राइव्हसाठी आठ आठ लोक सीसीत असतात, मी बघितलंय.

म्हणून क्रम असा ठेवा: पहिला मेल, दोन दिवसांनी आठवण, मग फोन नाहीतर जागेवर जाऊन विचारणं, त्यातून नाहीच झालं तर त्यालाच सांगायचं की "हे उद्यापर्यंत लागणारच आहे, तुमच्याकडे लोड असेल तर मी तुमच्या सरांशी बोलू का, म्हणजे ते दुसऱ्या कुणाला देतील?" आणि त्यानंतर सीसी. सांगून केलेल्या सीसीचा राग सहसा येत नाही. तसंच मजकुरातही सांगा की सर का आहेत सीसीत: "सरांना माहितीसाठी ठेवलंय, कारण तारीख पुढे गेली तर क्लायंटला त्यांना कळवावं लागेल."

उलटंही असतं बरं का. कुणाचं कौतुक करायचं असेल, त्याने अडलेल्या वेळी मदत केली असेल, तर त्याच्या साहेबाला हमखास सीसीत घाला. फुकटात होतं आणि त्या माणसाच्या वर्षाच्या अप्रेझलला उपयोगी पडतं. हे फार कमी लोक करतात.

आपल्या स्वतःच्या मॅनेजरला किती सीसी करायचं हे त्यालाच विचारा, सरळ. काहींना सगळं हवं असतं, काही वैतागतात. मी माझ्या पहिल्या मॅनेजरला प्रत्येक मेल सीसी करत होते, सहा महिन्यांनी ते म्हणाले, "तू चांगलं काम करतेस हे मला कळलंय, आता थांब."

५. बीसीसी: दोनच कामांसाठी

हा रकाना मुळात लपलेला असतो. जीमेलमध्ये कंट्रोल-शिफ्ट-बी दाबलं की येतो (सीसीसाठी कंट्रोल-शिफ्ट-सी), आउटलुकच्या जुन्या ॲपमध्ये ऑप्शन्स टॅबमध्ये त्याचं बटण आहे.

पहिलं काम म्हणजे एकमेकांना न ओळखणाऱ्या बऱ्याच जणांना एकच मेल पाठवणं. मुलाखतीला बोलावलेले उमेदवार, वेगवेगळे सप्लायर, ग्राहक, ट्रेनिंगला नाव दिलेली बाहेरची माणसं. अशा वेळी टूमध्ये स्वतःचा पत्ता टाका आणि बाकी सगळे बीसीसीत. यात आळस केला तर काय होतं याचं मी एकच उदाहरण देते. सप्टेंबर २०२१ मध्ये ब्रिटनच्या संरक्षण मंत्रालयाने अफगाणिस्तानातून बाहेर काढायच्या लोकांच्या यादीला एक मेल पाठवला आणि पत्ते बीसीसीऐवजी टूमध्ये घातले. २४५ लोकांचे पत्ते एकमेकांना दिसले, ५५ जणांच्या प्रोफाइलचे फोटोही दिसत होते, आणि वर दोघांनी रिप्लाय ऑल केलं, त्यातल्या एकाने तर आपण कुठे आहोत ते त्यात लिहिलं. तालिबानपासून लपलेली माणसं होती ती. पुढे चौकशीत कळलं की असे आणखीही मेल गेले होते, आणि डिसेंबर २०२३ मध्ये तिथल्या माहिती आयुक्तांनी मंत्रालयाला साडेतीन लाख पाउंडांचा दंड केला. आपल्या ऑफिसात कुणाच्या जिवावर बेतणार नाही, पण मुलाखतीला आणखी कोण कोण आलंय हे सगळ्या उमेदवारांना कळलं, त्यातल्या एकाचा सध्याचा सहकारीच त्या यादीत निघाला, असं सहज होऊ शकतं.

मोठी यादी असेल आणि वारंवार पाठवायचं असेल तर बीसीसीवरही विसंबू नका. मेल मर्ज वापरा, त्यात प्रत्येकाला वेगळा मेल जातो, त्याचं नाव घालून जातो, आणि रकाना चुकायचा प्रश्नच येत नाही. वर्ड, एक्सेल आणि आउटलुक असेल तर ते तिघं मिळून करतात हे काम, एकदा कुणाकडून तरी शिकून घ्या.

दुसरं काम म्हणजे कुणाला तरी ट्रेलमधून, म्हणजे एकाखाली एक चाललेल्या उत्तरांच्या साखळीतून, सन्मानाने बाहेर काढणं. एखाद्या सरांनी तुमची कुणाशी तरी ओळख करून दिली, "आता तुम्ही दोघं बोला" म्हणाले. उत्तर देताना सरांना टूमधून उचलून बीसीसीत टाकायचं आणि पहिल्याच ओळीत लिहायचं, "सर, ओळख करून दिल्याबद्दल आभार, तुम्हाला बीसीसीत घेतलंय म्हणजे पुढचे मेल तुम्हाला येत राहणार नाहीत." सरांना कळतं की गाडी सुरू झाली, समोरच्यालाही कळतं, आणि त्यांच्या इनबॉक्समध्ये तुमच्या मीटिंगच्या वेळा ठरवायचे चौदा मेल पडत नाहीत. बीसीसीतल्या माणसाला पुढचे रिप्लाय का जात नाहीत? कारण रिप्लाय ऑल दाबलं की मेल जातो पाठवणाऱ्याला आणि टू-सीसीत दिसणाऱ्यांना, आणि हा माणूस तर दिसतच नाही.

*तिसरं काम जे करू नये*

कुणाशी तरी मेलवर वाद चाललाय आणि तुम्ही गुपचूप तिसऱ्याला बीसीसीत ठेवलंय. करू नका. मी केलं होतं, म्हणून सांगते. एका सहकाऱ्याशी कामाच्या वाटणीवरून माझं मेलामेली चाललेलं, मी माझ्या लीडला बीसीसीत घातलं, त्याला "बघा हा कसा बोलतो" दाखवायला. लीडने मेल मोबाईलवर उघडला, आपण बीसीसीत आहोत हे त्याच्या लक्षातच आलं नाही, आणि त्याने रिप्लाय ऑल करून लिहिलं, "दोघं माझ्या केबिनला या." सहकाऱ्याला त्या क्षणी कळलं की लीड पहिल्यापासून हे वाचतोय. केबिनमध्ये काय झालं ते सोडा, पण नंतर वर्षभर तो माझ्याशी बोलताना आधी इकडेतिकडे बघायचा.

खरंच कुणाला दाखवायचं असेल तर मेल आधी पाठवा, मग सेंट आयटम्समधून त्या माणसाला वेगळा फॉरवर्ड करा. तो रिप्लाय ऑल दाबेल तरी उत्तर तुमच्याकडेच येईल.

आणि बीसीसी म्हणजे गुप्त असाही समज नको. मेल जातो तेव्हा बाहेरचं पाकीट आणि आतलं पत्र वेगळं असतं असं समजा. आतल्या पत्रावर टू आणि सीसी छापलेलं दिसतं, बीसीसी तिथून काढलेलं असतं, पण पाकिटावर सर्व्हरसाठी सगळे पत्ते लागतातच, नाहीतर मेल पोचणार कसा. त्यामुळे तुमच्या सेंट फोल्डरमध्ये बीसीसी दिसतं आणि ऑफिसच्या आयटीवाल्यांना त्यांच्या नोंदीतही सापडतं.

उलट तुम्हीच कुणाच्या बीसीसीत असाल तर? टू आणि सीसीत आपलं नाव दिसत नाही आणि ग्रुप आयडीही नाही, म्हणजे आपण बीसीसीत आहोत हे ओळखा, आणि काही बोलायचं असेल तर फक्त पाठवणाऱ्याला रिप्लाय करा.

६. रिप्लाय की रिप्लाय ऑल

माझा नियम असा की उत्तराने बाकीच्यांपैकी कुणाचं काम बदलत असेल तर रिप्लाय ऑल, नाहीतर नुसतं रिप्लाय. मीटिंगची वेळ बदलली, तर सगळ्यांना. "ओके", "नोटेड", "थँक्यू", "अभिनंदन", "मी येतोय", एकालाच. दोनशे जणांच्या ऑफिसात एकाच्या प्रमोशनच्या मेलवर साठ जणांनी रिप्लाय ऑल करून अभिनंदन केलं तर किती हजार मेल झाले ते तुम्हीच गुणाकार करा.

पण याची दुसरी बाजू पण आहे, जी नवीन लोक विसरतात. तुम्हाला सीसीत पाच जण ठेवून प्रश्न विचारलाय आणि तुम्ही फक्त विचारणाऱ्याला उत्तर दिलंत, तर बाकीच्या पाचांना वाटतं तुम्ही उत्तरच दिलं नाही. मग तुमच्या नावाने आठवणीचा मेल येतो. तिथे रिप्लाय ऑलच बरोबर.

सगळ्यात मोठा सापळा म्हणजे "मला या यादीतून काढा." चुकून हजारो लोकांना गेलेल्या मेलवर कुणीतरी रिप्लाय ऑल करून लिहितं मला काढा, मग दुसरा लिहितो मलाही, तिसरा लिहितो कृपया रिप्लाय ऑल करू नका, आणि हे लिहिताना तो स्वतः रिप्लाय ऑल करत असतो. १४ नोव्हेंबर २०१६ ला ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेत एक टेस्ट मेल असाच ८ लाखांहून जास्त लोकांना गेला आणि उत्तरं-प्रत्युत्तरांनी त्यांची मेलची यंत्रणा रखडली. २००९ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने तर अशाच प्रकारानंतर कर्मचाऱ्यांना लेखी तंबी दिली होती की रिप्लाय ऑल कराल तर कारवाई होईल. अशा वेळी काहीच करायचं नाही. जीमेलमध्ये म्यूट, आउटलुकमध्ये इग्नोर, आणि आपल्या कामाला लागायचं.

तुम्ही पाठवणारे असाल तर हे टाळायला सोपा उपाय आहे: सगळ्या ऑफिसला नोटीस पाठवताना ग्रुप आयडी टूमध्ये न टाकता बीसीसीत टाका. मग कुणी रिप्लाय ऑल दाबलं तरी उत्तर तुमच्या एकट्याकडे येतं. फक्त मजकुरात "सर्व कर्मचाऱ्यांसाठी" असं लिहा, नाहीतर लोकांना कळत नाही की हा मेल आपल्यालाच आलाय की सगळ्यांना.

७. चालू ट्रेलमध्ये नवीन माणूस घालताना

आधी खालपर्यंत स्क्रोल करा. पूर्ण खालपर्यंत, पहिल्या मेलपर्यंत. कारण नवीन माणसाला ते सगळं वाचायला मिळणार आहे, आणि तीन आठवड्यांपूर्वी तुमच्या टीममधल्या कुणीतरी त्याच माणसाबद्दल "हे लोक नेहमीच उशीर करतात" असं लिहून ठेवलेलं असतं. क्लायंट किंवा बाहेरचा सप्लायर असेल तर मी ट्रेल वापरतच नाही, नवीन मेल काढते आणि लागेल तेवढा मजकूर कॉपी करते.

घातल्यावर सांगा ("प्लस" म्हणजे यांना आता जोडलंय): "प्लस परचेसच्या मॅडम, खालचा रेटचा मुद्दा तुमच्यासाठी." नुसतं नाव घुसवलं तर त्या बिचाऱ्या वीस मेल वाचत बसतात, यात माझं काय म्हणून. काढतानाही तसंच, सांगून काढा. न सांगता सीसीतून नाव गायब झालं की माणसं त्याचे भलते अर्थ लावतात.

८. ऑटोकम्प्लीट आणि ग्रुप आयडी

पहिली दोन अक्षरं टाइप केली की नाव आपोआप येतं आणि आपण टॅब दाबतो. एकाच नावाची दोन माणसं, एक आपल्या ऑफिसातला आणि एक बाहेरचा, हे कॉम्बिनेशन फार धोक्याचं. माझ्याकडून रेटची अंतर्गत शीट एका सप्लायरला गेली होती ती अशीच. तेव्हापासून बाहेरच्या प्रत्येक कॉन्टॅक्टच्या नावापुढे मी त्याच्या कंपनीचं नाव लिहून सेव्ह करते, म्हणजे सजेशनमध्येच दिसतं. आउटलुकमध्ये सजेशनच्या उजवीकडे फुली असते, जुने नको असलेले पत्ते तिथून उडवून टाका. बऱ्याच ऑफिसात पत्ता बाहेरचा असेल तर वर सूचना येते, ती रोज दिसते म्हणून आपण बघेनासे होतो, पण बघा.

ग्रुप आयडीच्या बाबतीत आउटलुकमध्ये ग्रुपच्या नावापुढे अधिकचं चिन्ह असतं, ते दाबलं की आतली सगळी नावं उलगडतात. पहिल्यांदा कुठल्याही ग्रुपला मेल टाकताना हे करून बघाच. "फायनान्स टीम" म्हणून सहा माणसं असतील असं वाटतं आणि आत चाळीस निघतात, त्यात सोडून गेलेले, बदली झालेले आणि एखादा बाहेरचा ऑडिटर.

९. चुकलंच तर

३० सेकंदांच्या आत असाल तर अनडू. ते गेलं असेल तर आउटलुकमध्ये रिकॉल आहे, पण ते आपल्याच संस्थेतल्या मेलबॉक्सपुरतं चालतं, बाहेर गेलेला मेल परत येत नाही, आणि आतल्या आत तरी रिकॉल लागू होण्याआधी लोकांनी तो वाचलेला असू शकतो. "मेल रिकॉल करण्यात आला" असं दिसलं की ज्याने वाचला नव्हता तोही शेजाऱ्याला विचारतो काय होतं रे त्यात. त्यामुळे रिकॉल फक्त खरंच संवेदनशील काही गेलं असेल तर.

चुकीचा माणूस सीसीत गेला आणि मजकूर साधाच असेल तर एका ओळीचा मेल त्या एकट्याला, "चुकून आलाय, दुर्लक्ष करा," बस. पगार, ग्राहकांची माहिती, रेट असं काही बाहेर गेलं असेल तर मात्र आधी आपल्या मॅनेजरला फोन, मेल नाही, फोन, आणि लगेच. लपवून ठेवलं तर तेच प्रकरण दहापट होतं. माझ्या त्या रेटच्या शीटच्या वेळी मी दहा मिनिटांत सांगितलं होतं, सरांनी स्वतः सप्लायरला फोन करून शीट डिलीट करायला लावली आणि मला फक्त एक दीर्घ सुस्कारा ऐकवला.

आणि यादी उघडी पडली असेल, म्हणजे बीसीसीऐवजी टूमध्ये सगळे गेले असतील, तर माफीचा मेल असा: "मगाशी पाठवलेल्या मेलमध्ये आमच्या चुकीमुळे सर्वांचे पत्ते एकमेकांना दिसले. त्याबद्दल माफी असावी. कृपया तो मेल डिलीट करावा, त्यावर रिप्लाय ऑल करू नये आणि त्यातले पत्ते वापरू नयेत." हा मेल पहिल्या मेलवर रिप्लाय ऑल करून पाठवू नका, नवीन काढा, टूमध्ये स्वतःला घाला आणि बाकी सगळे बीसीसीत. हसू नका, घाईत माफीच्या मेललाही तेच पत्ते परत टूमध्ये घालणारी माणसं मी स्वतः बघितलीयत.